गेलेल्या दाताच्या जागी काय?

दाढ काढून झाली, जखम भरली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इथे आता काय बसवायचं? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या बहुतेक दवाखान्यांत याची दोनच उत्तरं मिळत. काढता-घालता येणारी कवळी, नाहीतर शेजारचे दात घासून त्यांच्यावर बसवलेला ब्रिज. आता इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रुतवलेल्या स्क्रूवरचा दात, हे तिसरं उत्तर तालुक्याच्या गावातल्या पाट्यांवरही दिसतं. 'फिक्स दात', 'तीन दिवसांत दात', 'आयुष्यभराची हमी' अशा शब्दांत ते इतक्या जोरात पुढे केलं जातं, की उरलेले पर्याय म्हणजे खिशाला न परवडणाऱ्यांची तडजोड वाटावी.

इम्प्लांटमुळे दंतवैद्यक कितीतरी पुढे गेलं, यात वाद नाही. पण बसवायचं काय हे ठरवण्याआधी दात गेला कशाने, हे विचारावं लागतं. किडीने गेला, हिरड्यांच्या आजाराने गेला, अपघातात गेला की कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत गेला, यावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून असतं. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं. पण ज्या आजाराने दाताभोवतीचं हाड खाल्लं, तो टायटॅनियमच्या स्क्रूलाही सोडत नाही. ही एक गोष्ट मनात ठेवून सगळे पर्याय तपासले, तर निवड बरीच सोपी होते.

रिकाम्या जागेचं काय होतं?

जबड्यातलं दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की त्याला काम उरत नाही आणि ते झिजू लागतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्याने कमी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणजे 'बघू पुढच्या दिवाळीनंतर' असं म्हणेपर्यंत इम्प्लांटला लागणारं हाड बरंच गेलेलं असतं. पुढे ही झीज मंदावते, पण थांबत नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षं मागोवा घेणारा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. घरातल्या आजी-आजोबांची वरची कवळी टाळूला चिकटून बसते आणि खालची मात्र बोलताना उचलली जाते, त्यामागचं हे एक मोठं कारण.

हाडाबरोबर शेजारीही हलतात. मागची दाढ पुढे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ रिकाम्या जागेत उतरू लागते, कललेल्या दातांच्या फटींत अन्न अडकतं आणि तिथे नवी कीड सुरू होते.

असं असलं तरी प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे, असं नाही. अक्कलदाढ काढल्यावर तिथे कुणी काही बसवत नाही. सगळ्यांत मागची एखादी दाढ गेली आणि समोरची दाढ जागच्या जागी असेल, तर पुष्कळांचं तिच्यावाचून काही अडत नाही. नेदरलँड्समधल्या नाइमेखन विद्यापीठात आर्न्ड कायझर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच मांडलं: पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील, तर मागच्या दाढा नसतानाही माणूस समाधानाने खाऊ-बोलू शकतो. जपानने १९८९ साली '८०२०' मोहीम सुरू केली. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे किमान वीस दात तोंडात असावेत, एवढंच तिचं उद्दिष्ट होतं. बत्तीसच्या बत्तीस दात राखायचा हट्ट त्यात नव्हता. तेव्हा 'काहीच न करणं' हाही एक वैद्यकीय पर्याय आहे, आणि तो रुग्णासमोर ठेवणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

कवळी आणि ब्रिज: जुने म्हणून बाद नव्हेत

ॲक्रिलिकची कवळी स्वस्त, लवकर होणारी आणि शस्त्रक्रियेविना मिळणारी. तिची मर्यादा म्हणजे ताकद. पूर्ण कवळीवाल्याच्या चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच भरतो. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी लागते, ऊस आणि भुईमुगाचे दाणे ताटातून जातात, कच्ची काकडी किसूनच घ्यावी लागते. एखाद-दुसऱ्या दाताची काढघाल करायची कवळीही शेजारच्या दातांना तारांनी धरते आणि रोज काढून घासली नाही तर त्याच दातांना खराब करते. बाजारात, रस्त्याकडेला बसून ॲक्रिलिकचा दात शेजारच्या दातांना चिकटवून 'फिक्स' करून देणारे आजही आहेत. असा दात काढता येत नाही, त्याच्या खाली साफ करता येत नाही आणि थोड्या वर्षांत तो आधाराचे दातही घेऊन जातो.

ब्रिजचं गणित वेगळं. मधला दात गेला, तर दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर कॅप बसवायच्या आणि त्या कॅपना जोडलेला खोटा दात मधे ठेवायचा. शेजारचे दात निरोगी असतील, तर त्यांचं इनॅमल कायमचं घासून टाकणं जिवावर येतं. पण त्याच दातांत मोठ्या फिलिंग असतील, रूट कॅनल झालेलं असेल, त्यांना नाहीतरी कॅप लागणारच असेल, तर ब्रिज अगदी शहाणपणाचा ठरतो. पुढच्या एकाच दातासाठी मागून पातळ पंख चिकटवलेला मेरीलँड ब्रिजही असतो. त्यात शेजारचे दात नावापुरतेच घासावे लागतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात क्रिकेटच्या चेंडूने गेला, तर असा ब्रिज त्याला वाढ पूर्ण होईपर्यंत सांभाळून नेतो. इम्प्लांट जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच बसवायचं असतं. वाढत्या जबड्यात खरे दात हाडासह खाली-वर सरकतात आणि हाडात रुतलेलं इम्प्लांट जिथल्या तिथे राहतं, त्यामुळे तो दात पुढे आखूड दिसू लागतो.

तरुण वयात पहिली दाढ गेली आणि अक्कलदाढेचं मूळ अजून पूर्ण बनलेलं नसेल, तर ती अक्कलदाढच उचलून पुढच्या जागी रोवता येते. स्वतःचाच दात असल्याने त्याच्याबरोबर त्याच्या मुळाभोवतीचं तंतूंचं आवरणही येतं. हा पर्याय आपल्याकडे फार कमी रुग्णांना सुचवला जातो.

सशाच्या पायातून माणसाच्या जबड्यात

दाताच्या जागी काही ठोकून बसवायचे प्रयत्न जुने आहेत. होंडुरासमध्ये १९३१ साली माया संस्कृतीतला सुमारे इसवी सन ६०० च्या काळातला जबड्याचा तुकडा सापडला. त्यात शिंपल्याचे दातासारखे कापलेले तुकडे बसवलेले होते. विसाव्या शतकात धातूचे स्क्रू, पाती, हाडावर ठेवायच्या जाळ्या असं बरंच करून झालं. अडचण एकच होती. शरीर त्या धातूभोवती तंतुमय पडदा तयार करी, तो पडदा हळूहळू सैल होई, जंतू शिरत आणि वस्तू बाहेर येई.

वळण आलं ते दंतवैद्यकाच्या बाहेरून. स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५२ च्या सुमारास लुंड इथे हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं निरीक्षण-यंत्र बसवलं. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाडाने धातूला घट्ट धरून ठेवलं होतं. पडद्याविना हाड थेट धातूला भिडू शकतं, हे त्यातून दिसलं. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. जबड्यात जन्मजात व्यंग असलेल्या लार्सन यांच्या तोंडात खालचे दात नव्हते. २००६ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते इम्प्लांट काम करत होते. तरीही दंतवैद्यांनी ही कल्पना बराच काळ उडवून लावली. १९८२ साली टोरोंटोत झालेल्या परिषदेत ब्रॉनेमार्क यांनी रुग्णांची दीर्घकाळची नोंद मांडली, आणि मग जगभरच्या दंत महाविद्यालयांनी तिची दखल घेतली.

टायटॅनियमच का? हवेत आला की या धातूवर क्षणात ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो. शरीरातल्या द्रवांना तो थर जुमानत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला परका मानत नाहीत. सुरुवातीचे स्क्रू गुळगुळीत होते. ते बसवून हिरडी शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात तीन-चार, वरच्यात सहा महिने वाट पाहायची, असा ब्रॉनेमार्क यांचा नियम होता. पुढे वाळूचा मारा आणि आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करायचं तंत्र आलं. हाड त्याला लवकर धरू लागलं, आणि चांगल्या हाडात ही वाट सहा ते आठ आठवड्यांवर आली. टायटॅनियम नको असणाऱ्यांसाठी पांढऱ्या झिरकोनियाचे इम्प्लांटही आता मिळतात, पण त्यांचा दीर्घकाळचा अनुभव टायटॅनियमएवढा नाही.

प्रत्यक्षात करतात काय?

चांगल्या कामाची सुरुवात मोजमापाने होते. साधा ओपीजी एक्स-रे हाडाची उंची दाखवतो, जाडी दाखवत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन करतात. खालच्या जबड्याच्या आतून एक मज्जातंतू जातो आणि हनुवटीजवळ बाहेर पडून ओठापर्यंत पोहोचतो. त्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखतात. तो दुखावला तर ओठ-हनुवटीचा बधिरपणा महिनोन् महिने, कधी कायमचा राहतो. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. दाढ जाऊन वर्षं लोटली की ती खाली उतरते आणि तिच्याखाली हाडाचा पातळ पापुद्रा उरतो. मग सायनसचं अस्तर उचलून खाली हाडाची भर घालावी लागते.

ही भर कशाची, हे विचारणं महत्त्वाचं आहे. रुग्णाचंच हाड घेता येतं, मृत दात्याचं प्रक्रिया केलेलं हाड मिळतं, कृत्रिम कॅल्शियम क्षारही असतात. पण सर्वांत जास्त वापरलं जाणारं एक द्रव्य गायीच्या हाडापासून बनतं आणि काही पडदे डुकराच्या कोलॅजनचे असतात. आपल्याकडे धर्म आणि आहार या दोन्ही कारणांनी रुग्णाला हे आधी कळायलाच हवं. संमतीपत्रात मात्र ते क्वचितच लिहिलेलं असतं.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. एका इम्प्लांटला बहुधा अक्कलदाढ काढण्यापेक्षा कमी त्रास होतो. ड्रिल एकाहून एक जाड होत जातात, आणि प्रत्येकावर सलाइनची धार सोडलेली असते. कारण हाड तापलेलं सहन करत नाही: ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर राहिलं, तरी ते मरतं आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. स्क्रू घट्ट बसला, तर कधी कधी त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. मात्र त्यावर चावायचं नसतं किंवा फार जपून चावायचं असतं. हाड पुरेसं जुळलं की वर अबटमेंट नावाचा जोडणारा भाग आणि त्यावर कॅप बसते. ही कॅप सिमेंटने चिकटवण्यापेक्षा स्क्रूने बसवलेली बरी, असं अनेक जण मानतात. तशी ती पुढे उघडून साफ करता येते, आणि हिरडीखाली राहिलेलं सिमेंट जळजळ वाढवतं तोही धोका टळतो.

खऱ्या दातात आणि यात एक मूलभूत फरक उरतोच. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दोघांमध्ये सुमारे पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. तो झटका शोषतो आणि मेंदूला कळवतो. भातातला बारीक खडा दाताखाली येताच आपण चावणं थांबवतो, ते याच थरामुळे. इम्प्लांटला हा थर नाही. त्यामुळे रात्री दात खाणाऱ्यांची इम्प्लांटवरची कॅप फुटते, आतला स्क्रू सैल होतो, आणि कळायला उशीर होतो.

यश किती आणि कशाला म्हणायचं?

दहा वर्षांनंतर सुमारे ९५ टक्के इम्प्लांट जागेवर असतात, हा आकडा अनेक आढाव्यांत येतो आणि तो विश्वासार्ह आहे. जाहिरातीत '९५ टक्के यश' होतो तोही हाच. मात्र जागेवर असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. शिवाय तो आकडा हाडातल्या स्क्रूचा आहे, वरच्या दाताचा नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक आढाव्यात दहा वर्षांनंतर साधे ब्रिज आणि इम्प्लांटवरच्या एकट्या कॅप, दोन्ही टिकण्याचं प्रमाण ८९ टक्क्यांच्या आसपास निघालं. चांगल्या रूट कॅनलनंतर वाचवलेले दातही टिकाऊपणात इम्प्लांटच्या मागे पडत नाहीत. म्हणून वाचण्यासारखा दात 'काढून इम्प्लांटच करून टाकू' हा सल्ला घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारावं.

टिकलेल्या इम्प्लांटभोवती काय चाललंय, याचं चित्र आणखी गंभीर आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ४३ टक्के रुग्णांत इम्प्लांटभोवती हिरडीची सूज आणि २२ टक्के रुग्णांत पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे सुजेबरोबर हाडाचीही झीज आढळली. निदान करायच्या निकषांनुसार हे आकडे खाली-वर होतात, पण धोका खरा आहे. हिरड्यांच्या आजारात दाताभोवती जे घडतं, तेच इम्प्लांटभोवती अधिक वेगाने घडतं, आणि एकदा हाड गेलं की परत आणण्याचा खात्रीचा उपाय अजून नाही. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने हलून पडले, त्यांना हा धोका सर्वांत जास्त. हिरड्यांचे उपचार पूर्ण न करता अशा तोंडात इम्प्लांट बसवणं म्हणजे ओल असलेल्या भिंतीला नवा रंग काढणं.

आपल्याकडची तोंडं

परदेशातले हे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू होत नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. महाराष्ट्रातही प्रमाण चौथाईच्या वर होतं, आणि आपल्याकडे धूम्रपानापेक्षा चुना-तंबाखू आणि मिश्रीचाच वापर जास्त. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. चुना-तंबाखू ज्या गालात ठेवतात, तिथली हिरडी मागे हटते आणि मूळ उघडं पडतं. भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीने वर्षानुवर्षं दात घासणाऱ्या बायकांच्या तोंडात दातांच्या मुळाशी खोलगट झीज आणि उतरलेल्या हिरड्या दिसतात. आज काढलेला दात मिश्रीने गेला आणि उद्यापासून पुन्हा मिश्रीच असेल, तर स्क्रूवर पैसे घालणं व्यर्थ आहे.

सुपारी आणि गुटख्याची गोष्ट याहून कठीण. त्यांच्यामुळे तोंडाच्या अस्तरात फायब्रोसिस होतो, गाल ताठ होतात आणि तोंड उघडणं आक्रसत जातं. दोन बोटंही आत जात नसतील, तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिल उभंच करता येत नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण बंद पुड्यांतली सुपारी आणि वेगळी तंबाखू एकत्र करून तेच चघळलं जातं.

दुसरा प्रश्न मधुमेहाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट नाकारायचं कारण नाही. साखर आटोक्यात असेल तर निकाल चांगले येतात. बेताल साखरेत मात्र जखम भरत नाही आणि संसर्ग पसरतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी साखरेची एचबीए१सी चाचणी पाहायला हवी. हाडं ठिसूळ झाल्यामुळे किंवा हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं, विशेषतः शिरेतून, घेणाऱ्यांनी तर दात काढण्याआधीच ते सांगावं. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. वय मात्र आडवं येत नाही. ऐंशी वर्षांच्या निरोगी आजींना इम्प्लांट बसवता येतं, तिशीतल्या गुटखाखाऊला नाकारावं लागतं.

इम्प्लांटचं खरं मोल कळतं ते दाताबरोबर जबडाही गेलेल्या माणसांत. २०२१ मधल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने देशात ४५ हजारांहून अधिक लोकांना गाठलं, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, नऊ हजारांवर रुग्ण महाराष्ट्रात होते. बुरशीने सडलेला वरचा जबडा काढावा लागलेल्या कित्येकांना घास नाकातून परत येई, बोललेलं समजत नसे. आधाराला जबडाच उरलेला नसल्याने कवळी टिकत नसे. अशांसाठी गालाच्या हाडात रुतणारे लांबलचक झायगोमॅटिक इम्प्लांट आणि स्कॅनवरून त्या एका रुग्णासाठी बनवलेल्या टायटॅनियमच्या चौकटी वापरल्या गेल्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये खालचा जबडा काढल्यावर पायाच्या फिब्युला हाडाचा तुकडा तिथे जोडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नित्याची आहे. त्या हाडात पुढे इम्प्लांट बसवता येतात, मात्र जबड्याला किरणोपचार झाले असतील तर फार जपून पाऊल टाकावं लागतं.

पूर्ण बिनदाती तोंड

जिथे एकही दात उरलेला नाही, तिथे निवडीचे टप्पे आहेत. एका टोकाला साधी कवळी. दुसऱ्या टोकाला चार-सहा इम्प्लांटवर स्क्रूने बसवलेली पूर्ण दंतपंक्ती. मागचे दोन स्क्रू तिरके घालून सायनस आणि मज्जातंतू टाळायची 'ऑल-ऑन-फोर' पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांनी रूढ केली, आणि आता ती मुंबई-पुण्यात सर्रास होते. तिसरा मार्ग 'बेसल' इम्प्लांटचा. पातळ, एकसंध स्क्रू कठीण हाडापर्यंत नेऊन तीन दिवसांत दात देण्याची जाहिरात त्याचीच असते. हाड फारच कमी असलेल्या काहींना याचा उपयोग होतो. पण नेहमीच्या इम्प्लांटइतका स्वतंत्र, दीर्घकाळचा पुरावा त्यामागे नाही, हे समजून मगच निर्णय घ्यावा.

या दोन टोकांच्या मधला पर्याय जाहिरातींत जवळजवळ दिसतच नाही: खालच्या जबड्यात पुढच्या भागात दोनच इम्प्लांट, आणि त्यांच्यावर बटणासारखी टचकन बसणारी, रात्री काढून धुता येणारी कवळी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाती खालच्या जबड्यासाठी साधी कवळी नव्हे, तर हीच पहिली पसंती असावी असं म्हटलं, आणि पुढे ब्रिटनमध्येही तसंच मत मांडलं गेलं. हनुवटीजवळ हाड बहुधा शिल्लक असतं आणि मज्जातंतूचा धोकाही कमी असतो. सायनस उचलावा लागत नाही, शस्त्रक्रिया छोटी होते. भाकरी पुन्हा चावता येते, चारचौघांत हसताना कवळी सुटायची धास्ती राहत नाही. पूर्ण स्थिर दंतपंक्तीच्या मानाने खर्चही कितीतरी कमी.

पैसा आणि हिशेब

खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा कॅपसह खर्च साधारण वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातो. हाडाची भर किंवा सायनसचं काम पडलं, तर त्यावर आणखी. फरक कंपनीचा असतो, प्रयोगशाळेचा असतो आणि डॉक्टरच्या अनुभवाचाही. स्विस आणि अमेरिकी कंपन्या महाग, कोरियन आणि इस्रायली मधल्या, देशी त्याहून स्वस्त. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. प्रश्न भागांचा असतो: दहा वर्षांनी अबटमेंटचा स्क्रू तुटला, तर त्याच मापाचा नवा मिळेल का? म्हणून प्रत्येक रुग्णाने इम्प्लांटचं नाव, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर मागून घ्यावं आणि घरच्या फाइलीत लावावं. भारतात इम्प्लांट २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात, त्यामुळे हा तपशील मागणं रुग्णाच्या हक्काचंच आहे.

आरोग्य विम्यात दातांचे उपचार अपघात सोडला तर बहुधा बसत नाहीत. दुसरीकडे अमेरिकेत एका इम्प्लांटला तीन ते पाच हजार डॉलर सहज लागतात, म्हणून सुट्टीत घरी आलेले मराठी लोक पुण्या-मुंबईत हे काम उरकून घेतात. त्यांनी दोन फेऱ्यांचा विचार करूनच सुरुवात करावी. स्क्रू एका सुट्टीत, कॅप पुढच्या. तीन आठवड्यांत सगळं आटपण्याच्या घाईत काही बिघडलं, तर अमेरिकेतला दंतवैद्य अनोळखी कंपनीच्या स्क्रूला हात लावायला कचरतो.

बसवल्यावर

इम्प्लांटला नस नसते, त्यामुळे ते ठणकत नाही. ब्रश करताना रक्त येणं, कॅपच्या कडेला पू, किंचित हलणं ही लक्षणं दिसली की वेळ बरीच गेलेली असते. म्हणून दुखो न दुखो, सहा महिन्यांनी तपासणी आणि ठरावीक अंतराने एक्स-रे हवाच. रोज दोनदा मऊ ब्रश आणि कॅपच्या बाजूने फिरवायचा बारीक, बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा इंटरडेंटल ब्रश एवढी साधनं पुरतात. टूथपिकने कोरणं आणि मंजन-राखेने घासणं सोडावं. 'आयुष्यभराची हमी' म्हणजे बहुधा कंपनीने तुटलेला स्क्रू बदलून देणं. गेलेलं हाड कुणी बदलून देत नाही.

मग निवड कशी करावी?

क्रम असा असावा. आधी दात वाचतो का ते पाहावं, कारण रूट कॅनल आणि हिरड्यांच्या उपचारांनी टिकणारा स्वतःचा दात कोणत्याही स्क्रूपेक्षा बरा. गेलेला दात भरण्याची गरज आहे का, हे मग ठरवावं. शेजारचे दात निरोगी असतील, हाड पुरेसं असेल आणि तंबाखू-साखर ताब्यात असेल, तर एका दाताच्या जागी इम्प्लांट हा आजचा सर्वोत्तम पर्याय आहे. शेजारच्या दातांना नाहीतरी कॅप हवी असेल, तर ब्रिज घेताना कमीपणा मानू नये. आणि ज्या आजाराने दात गेला त्याचा बंदोबस्त झालेला नसेल, तर साधी कवळी घालून आधी तो बंदोबस्त करावा.

सार्वजनिक पैशाचा विचार केला, तर उत्तर आणखी स्पष्ट आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कवळीसाठी म्हाताऱ्या माणसांची रीघ असते. त्यांच्यातल्या ज्यांची खालची कवळी टिकत नाही, त्यांना दोन इम्प्लांटवरची बटणाची कवळी सवलतीत मिळण्याची सोय सरकारने करायला हवी. देशी बनावटीचे स्क्रू, शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांच्यावर देखरेख करणारे अनुभवी प्राध्यापक तिथे एकत्र आणता येतात. एका मोठ्या गाजावाजाच्या शस्त्रक्रियेच्या खर्चात अशा कितीतरी जणांना पोटभर भाकरी चावता येईल.